यंत्र घ्यायचं की शेत सोडायचं?

पत्र: "नमस्कार. आम्ही गोव्यात, सत्तरी तालुक्यात, अंजुण्याच्या धरणाच्या कालव्याखाली राहतो. माझं वय ५७. दहा हजार चौरस मीटर भातशेती आहे, तीही सहा ठिकाणी सहा कुणग्यांत, म्हणजे शेताच्या तुकड्यांत. घरामागे पोफळी-नारळाचं कुळागर आणि डोंगराच्या कडेला थोडी मोरड, म्हणजे चढावरची कोरडी जमीन. नवऱ्याचे गुडघे गेलेत. मुलगा वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात, मुलगी पुण्याला. पूर्वी लावणीला वाड्यावरच्या बारा बायका सावडीने यायच्या. यंदा तिघी आल्या, त्यांतली एक माझी नणंद. आजूबाजूचे निम्मे कुणगे पडीक आहेत. मुलगा म्हणतो, सबसिडीवर लावणीचं यंत्र घेऊ, नाहीतर शेती सोडून दे. शेजारी म्हणतो, काजू लाव आणि मोकळी हो. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. हा विषय निघाला की त्या उठून आत जातात. काय करू?"
एक वाचक, सत्तरी

ताई,

लावणीचं यंत्र विकत घेऊ नका. उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण मुलगा बहुधा तुमच्या खांद्यावरून वाचत असणार आणि शेवटपर्यंत वाचायचा त्याला धीर नसणार. वाचलंस तर बरं रे बाबा, तुझ्याबद्दलही खाली आहे.

हिशेब करून बघा. मागून चालत चालवायचं चार ओळींचं यंत्र दिवसाला दोन-अडीच एकर लावून होतं. तुमचे दहा हजार चौरस मीटर म्हणजे अडीच एकर. म्हणजे सरदीला (पावसाळी भाताला) एक दिवस आणि वायंगणाला (हिवाळी भाताला) एक दिवस. कुणगे सहा ठिकाणी आहेत, म्हणून हवं तर दोन-दोन दिवस धरा. वर्षाचे उरलेले ३६१ दिवस ते यंत्र गोठ्यात उभं राहणार. केंद्राच्या यांत्रिकीकरण योजनेत बायकांना आणि अल्पभूधारकांना साधारण निम्म्यापर्यंत अनुदान मिळतं, हे मुलाचं म्हणणं खरं आहे. पण उरलेला निम्मा आकडाही लाखाच्या घरातला असतो, आणि गोठ्यात उभ्या यंत्राला गंज चढायचा तो अनुदान बघून कमी चढत नाही.

हे मी स्वतः भोगलंय. सोळा वर्षांपूर्वी पॉवर टिलर घेतला. वाड्यावरचा एक पोरगा तो चालवायचा. तेल कधी बदलायचं, पट्टा कधी ताणायचा, सगळं त्याला ठाऊक. दुसऱ्याच वर्षी त्याला कुंडईला नोकरी लागली. ज्यांनी टिलर विकला त्यांचा मेकॅनिक तीनदा "उद्या येतो" म्हणाला, चौथ्यांदा मीच फोन केला नाही. पुढे आमची कोंबडी त्याच्या सीटवर अंडी घालायला बसू लागली. त्या टिलरचं मला मिळालेलं उत्पन्न तेवढंच. हप्ते मात्र शेवटपर्यंत भरले.

गावात माणूस उरला नाही म्हणून यंत्र, हा विचार कुणालाही पटेल असा आहे. पण यंत्रालाही माणूस लागतो आणि तो निराळा लागतो. लावणीच्या यंत्राचंच बघा. तुम्ही आज काढता तो पंचवीस-तीस दिवसांचा, उंच वाढलेला तरवा, म्हणजे लावणीची रोपं, त्याला चालत नाही. त्याला ट्रेमध्ये किंवा प्लास्टिकवर पातळ थरात वाढवलेला, मुळांची चटई झालेला, पंधरा-अठरा दिवसांचा तरवा हवा. एका हेक्टराला दोनशेच्या वर ट्रे लागतात. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांवर झारीने पाणी घालायचं, पाखरांपासून आणि उंदरांपासून सांभाळायचं, ऊन चढलं तर झाकायचं. एक दिवस विसरलात तर चटई सुकते, यंत्राचे चिमटे नुसती माती उचलतात आणि ओळींत खाचा पडतात. चिखलणी एकसारखी, सपाट हवी. चिखल दिवस-दोन दिवस बसू द्यायचा. लावताना पाणी दोन-तीन सेंटिमीटरच, जास्त झालं की रोपं तरंगतात. म्हणजे यंत्रानं बारा बायकांचं दोन-तीन दिवसांचं काम वाचवलं आणि एका माणसाकडून पंधरा दिवसांची राखण मागितली. मुलगा वेर्ण्याला, नवरा खुर्चीत. तर तो माणूस कोण, हे तुमच्या घरात कुणी बोललेलं दिसत नाही. मी सांगतो: तुम्हीच.

आता माणसं गेली कुठे, हे नीट बघायला हवं, कारण उपाय त्यावर ठरतो. २००१ च्या जनगणनेत गोव्याची ग्रामीण लोकसंख्या पावणेसात लाखांच्या वर होती, २०११ मध्ये ती साडेपाच लाखांवर आली. सव्वा लाख माणसं कमी. पण हे आकडे वाचून गावं ओस पडली असं समजू नका. त्या दहा वर्षांत बरीच गावं कागदावर 'जनगणना शहरं' झाली, त्यांची संख्या ३० वरून ५६ वर गेली. माणूस तिथेच राहिला, त्याचा रकाना बदलला. आणि जे खरोखर गावात आहेत ते सकाळी सातच्या बसने निघतात आणि दिवेलागणीला परत येतात. आपल्या डिचोली-सत्तरीत आधी खाणींनी तरण्या पोरांना ट्रकच्या स्टिअरिंगवर बसवलं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये परत थांबल्या, तरी ती पोरं कुणग्यात उतरली नाहीत. ती होंडा, भुईपाल, वेर्णा इथल्या कारखान्यांच्या गेटवर गेली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, चिखलात उभं राहून कंबर कुणाची मोडते हे त्यांनी आईकडे बघून शिकलंय.

म्हणजे तुमच्या वाड्यावर गणेशचवथीला शंभर माणसं जेवतात आणि लावणीच्या दुपारी तिघी असतात. असा गाव आणि खरोखर ओस पडलेला गाव यांना एकच यंत्र लागू पडत नाही. तुमच्याकडे रविवार आहे, संध्याकाळ आहे, नोकरीचे पैसे आहेत. नाहीत ते फक्त कामाच्या दिवसांतले हात.

याच वाटेनं आपल्या आधी जपान गेलं. हायामी आणि रटन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडलं होतं की ज्या देशात जे दुर्मीळ, ते वाचवणारं तंत्र तिथे वाढतं: अमेरिकेत माणूस कमी म्हणून यंत्रं वाढली, जपानात जमीन कमी म्हणून आधी बियाणं आणि खत सुधारलं. पण युद्धानंतर जपानातली तरुण पोरं कारखान्यांत गेली आणि तिथेही माणूस कमी पडला. १९६३ च्या सुमारास तिथे एक शब्द रूढ झाला, 'सान-चान शेती', म्हणजे आजोबा, आजी आणि आई या तिघांनी केलेली शेती. तुमच्या घराचं वर्णन वाटतं की नाही? मग प्रत्येक घरानं आपापला टिलर, आपलं लावणीयंत्र, आपलं कापणीयंत्र घेतलं. त्यातून आणखी एक शब्द निघाला, त्याचा अर्थ 'यांत्रिकीकरणाची गरिबी': हप्ते भरायला घरचा माणूस कारखान्यात, आणि माणूस कारखान्यात म्हणून यंत्राचे हप्ते. आता तिथे मुख्य शेतकऱ्याचं सरासरी वय ६७-६८ आहे, आणि बऱ्याच वाड्यांनी मिळून एकच यंत्रसंच ठेवायची पद्धत धरलीय. आपले गावकरी बांध आणि मानशी (बांधातली पाण्याची दारं) मिळून सांभाळायचे, ते जपान्यांना कुणी शिकवायला गेलं नव्हतं. आपण मात्र ते विसरून शोरूममध्ये गेलो.

तर करायचं काय? भातासाठी यंत्र भाड्यानं आणा. पण इथेच खरी मेख आहे, आणि पत्रात तुम्ही ती न कळत लिहिलीय: निम्मे कुणगे पडीक. तुमच्या सहा विखुरलेल्या तुकड्यांसाठी यंत्रवाला ट्रेलरवर यंत्र चढवून येणार नाही, आला तर येण्याजाण्याचे पैसेच भाड्याइतके लावील. सलग तीन-चार हेक्टर दाखवा, मग तोच तुम्हाला फोन करतो. म्हणजे तुम्हाला यंत्राच्या आधी शेजारी हवेत.

पडीक कुणग्यांचे मालक कुठे आहेत? कुणी मुंबईला, कुणी पणजीला, कुणाचा भाऊ परदेशात. जमीन पणजोबांच्या नावावर आणि वारस सतरा. ते कुणाला कसायला देत नाहीत, कारण '६४ चा कूळ कायदा आणि '७६ ची दुरुस्ती त्यांच्या घरात अजून भुतासारखी सांगतात: दिलं की कूळ लागलं. ही भीती घालवायला जाऊ नका, दोन पिढ्यांत जी गेली नाही ती तुमच्या एका फोनने जाणार नाही. जमीन मागूच नका. एवढंच विचारा: "आमच्याकडे यंत्र येतंय, तुझ्या कुणग्यातून फिरवू का? तेवढ्या मीटरचं भाडं तू दे, बियाणं तुझं, भात तुझं, एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा तुझा." जमीन कसायला दिली नाही, यंत्राचं काम करून घेतलं, असा तो व्यवहार. हे साध्या कागदावर दोन ओळींत लिहून सही घ्या आणि सह्यांआधी तो कागद एकदा वकिलाला दाखवा. दहा जणांना विचारा, चार जण हो म्हणतील. चारही पुरे. पडीक कुणगा नुसता रिकामा नसतो, ताई. त्यात उंदरांची बिळं असतात, रानडुक्कर लपतं, मेर (बांध) फुटून तुमचं पाणी तिकडे जातं. त्याचं भात झालं नाही तरी त्याची मेर शाबूत राहिली तर तुमचाच फायदा.

दुसरी अट बियाण्याची. तुमच्याकडे कुणी ज्योती लावतो, कुणी जया. ज्योती एकशे दहा ते सव्वाशे दिवसांत कापायला येते, जया त्याच्या पाच-दहा दिवस मागे. हातानं कापायचं तेव्हा हा फरक सोयीचा होता, काम पुढे-मागे व्हायचं. कापणीचं यंत्र दोनदा येत नाही. वाड्यानं एक जात ठरवायची, तरव्याची तारीख ठरवायची, आणि रस्त्याकडचा कुणगा आधी तयार होईल असं बघायचं, कारण यंत्र आत जाताना बाहेरच्याच्या भातावरूनच जाणार. यावरून भांडणं होतात. यंत्र येण्याच्या दिवशी ती होण्यापेक्षा आधी देवळात बसून झालेली बरी.

कापणी यंत्रानं झाली की आणखी एक गोष्ट बदलते, तिची कुणी आधी कल्पना देत नाही. पूर्वी भात कापून, पसरून, भारे बांधून, झोडून चार-पाच दिवसांत घरी यायचं, वाटेतच सुकायचं. यंत्र एका दुपारी सगळं पोत्यात घालून देतं आणि त्यात ओलावा वीस टक्क्यांच्या पुढे असतो. साठवायला तो १४ वर आणावा लागतो. दहा हजार मीटरचं तीन-चार टन ओलं भात संध्याकाळी चारला अंगणात आणि समोर ऑक्टोबरचा गडगडाट, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. लावणीयंत्रात घालणार होतात त्या पैशांतले थोडे चांगल्या जाड ताडपत्र्यांवर आणि अंगणाच्या पक्क्या खळ्यावर घाला. तुमच्या नवऱ्यालाही इथे काम आहे: खुर्ची टाकून भात राखणं, दर तासाला कुणाला तरी हाक मारून ते उलटवून घेणं. गुडघे लागत नाहीत, आवाज लागतो. आणि गोठ्यात गुरं असतील तर यंत्रवाल्याला आधी विचारा, पेंढा अखंड सोडतोस की कुटून टाकतोस. गुरं नसतील तर हे वाक्य सोडून द्या.

वायंगणाला मात्र तुमच्याकडे एक सोय आहे जी पुष्कळांकडे नाही, कालव्याचं पाणी. तिथे लावणीच टाळून बघा. ड्रम सीडर नावाचं हलकं, हातानं ओढायचं साधन आहे, भोकं पाडलेली प्लास्टिकची पिंपं आणि दोन चाकं. मोड आलेलं बियाणं त्यात भरायचं आणि पाणी काढलेल्या चिखलावरून ओढत जायचं, बी ओळीत पडतं. त्याला ना इंजिन, ना डिझेल, ना मेकॅनिक. ट्रे नकोत, तरवा नको. दोन माणसं तुमची सगळी शेती दिवसात पेरतात. पण हे सरदीला करू नका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस, जुलैची एक सर आली की मोडाचं बी वाहून शेजाऱ्याच्या कुणग्यात उगवतं. डिसेंबरात पाणी तुमच्या हातात असतं. यातली अडचण तणाची. उभं पाणी नसतं म्हणून भाताबरोबर गवतही उगवतं आणि पहिले तीस दिवस हातचे गेले तर पीक गेलं. ओळी असल्यामुळे ढकलत न्यायचं कोनोवीडर चालतं. पहिल्या वर्षी एकाच कुणग्यात करून बघा. वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात ड्रम सीडर वापरायला मिळेल का विचारा, आणि तिथे गेलाच आहात तर कृषी कार्डावर नाव तुमचं आहे की सासऱ्यांचं, तेही बघून या. नव्वद टक्के गाडं तिथेच अडतं.

आता कुळागर. ताई, तुमचं सगळं पत्र भातावर आहे आणि कुळागराला अर्धी ओळ. पैसा कुठून येतो, मला सांगा? मग खर्चही तिथेच करा. पोफळीवर चढणारा पाडेली आज मिळतो, पुढच्या दहा वर्षांत मिळेल याचा भरवसा धरू नका. त्याचा पोरगा चढत नाही. कोळेरोगासाठी (त्यानं सुपारी कुजून गळते) पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो, म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, आणि साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी फवारणी, ही दोन्ही कामं चढणाऱ्यावर अवलंबून. शेजारच्या कर्नाटकात कार्बन फायबरच्या लांब काठ्या आल्यात, तिकडे त्यांना 'दोटी' म्हणतात. जमिनीवर उभं राहून फवारता येतं आणि शिपुटंही (सुपारीचे घड) काढता येतात. महाग आहे, पण ती वर्षात दोन दिवस नाही, कितीतरी वेळा लागते, आणि तिच्यात बिघडण्यासारखं इंजिन नाही. ती पाच घरांनी मिळून घ्या, एका घरानं सांभाळायची. नारळासाठी चढायच्या यंत्राचं प्रशिक्षण नारळ विकास मंडळानं २०११ पासून सुरू केलंय. वाड्यावरचा एखादा बेकार पोरगा त्याला पाठवा, तुमचेच माड त्याचं पहिलं गिऱ्हाईक. मेलेल्या माडाच्या जागी नवीन लावाल तेव्हा बुटका संकर लावा, म्हणजे तुमच्या नातवाला शिडी पुरेल. आणि पाटाचं पाणी दर दोन तासांनी फिरवायला माणूस लागतो त्याऐवजी तुषार आणि टायमर. इथे मुलगा उपयोगी पडेल. त्याला यंत्रच घ्यायचं असेल तर ग्रास कटर घेऊ दे. रविवारी सकाळी तीन तास, मेरा आणि कुळागर साफ. तेवढ्याला त्याचा अख्खा जन्म लागत नाही. एक विचारायचं राहिलं: त्याला रविवारी सुट्टी असते का, की पाळी? औषधाच्या कारखान्यात पाळी असेल तर हे सगळं त्याच्या पाळीच्या कागदावर बसवायला लागेल.

ड्रोनचं तो बोलेलच, म्हणून सांगून ठेवतो. दहा लिटर टाकीचा ड्रोन एक एकर दहा मिनिटांत फवारतो. तुमची फवारणी चहा उकळेपर्यंत संपेल. विकत घ्यायची ती वस्तू नव्हे.

शेजाऱ्याच्या काजूबद्दल थोडक्यात. कुणग्यात काजू लावू नका, साचलेल्या पाण्यात काजू मरतो. मोरडीवर लावा, खुशाल लावा. पण 'मोकळी हो' हे कुणी सांगितलं? बोंडं मार्च ते मे रोज खाली पडतात, रोज वेचावी लागतात, नाहीतर केलडी (माकडं) आणि साळिंदर वेचतात. काजूला वर्षभर माणूस नको आणि अडीच महिने रोज हवा. हे तुमच्या घराला जमण्यासारखं आहे, कारण त्या दिवसांत वायंगणाची फक्त कापणी उरलेली असते. सौर कुंपण केलंत तर तारेखालचं गवत वाढू देऊ नका, गवत तारेला टेकलं की विजेचा झटका जमिनीत जातो आणि गवेरेडे ते लगेच ओळखतात. ते काम ग्रास कटरचं, म्हणजे परत रविवारचं.

सहा कुणग्यांतला सगळ्यात लांबचा, जिथे रस्ता नाही आणि यंत्र जाणार नाही, तो सोडायला हरकत नाही. मेर तेवढी दरसाल बांधून ठेवा. हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही, पण पाच नीट करणं हे सहा अर्धवट करण्यापेक्षा परवडतं.

सासूबाई आत का जातात, ते त्यांना जाऊन विचारा. मला वाटतं त्यांना शेती चालू राहते की नाही यापेक्षा दाराजवळचा कुणगा हिरवा राहतो की नाही याची काळजी असावी. तसं असेल तर तो कुणगा यंत्राच्या हिशेबात धरू नका. दोन-तीनशे मीटर असेल तर तुम्ही, नणंद आणि त्या दोघी मिळून एका सकाळी हातानं लावून टाकाल, आणि त्यात सासूबाईंच्या आठवणीतलं जुनं भात, बियाणं कुठे मिळालं तर, लावा. नव्याला (नव्या भाताच्या सणाला) कणसं तिथलीच काढा. बियाणं कुठे मिळेल हेही त्यांनाच ठाऊक असणार.

वायंगणाला अजून दोन महिने आहेत. या आठवड्यात पडीक कुणगेवाल्यांचे फोन करा, चवथीच्या सुट्टीवर आलेले अजून गावात असतील.